रिओचा उकाडा, केप हॉर्नचा वारा आणि माणशी एक बॅग

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: जानेवारीत त्या आणि त्यांचे यजमान (वय ६४) १६ रात्रींच्या क्रूझवर निघालेत. रिओ दि जानेरोहून बोट सुटणार, मग ब्युनॉस आयर्स, मोंतेविदेओ, पुएर्तो माद्रिन, फॉकलंड, केप हॉर्न (दक्षिण अमेरिकेचं पार दक्षिणेचं टोक), उश्वाया, पुंता अरेनास, चिलीचे फियोर्ड (डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या), पुएर्तो मोंत आणि शेवटी सान अँतोनियो. "आम्ही आयुष्यात स्वेटर घातला तो एकदाच, महाबळेश्वरला. उकाडा आणि थंडी दोन्हींचे कपडे म्हणजे चार सुटकेसी होतात. यजमानांचं दिल्लीहून आणलेलं जुनं लेदर जाकीट, सासूबाईंची लोकरीची शाल आणि माझे ट्रेकिंगचे बूट घरात आहेत, तेवढ्यावर भागेल का?"

ताई, शाल न्या, जाकीट घरीच ठेवा, आणि बुटांचं मी खाली सांगतो, कारण ते जरा गंभीर आहे.

मी डिचोलीचा. आमच्याकडे बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. मी २६ वर्षं तारवटी होतो. पहिली सहा बोटीच्या लाँड्रीत काढली, मग केबिन स्टुअर्ड झालो, आणि शेवटी हाउसकीपिंगचा सुपरवायझर. हा दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा फेरा बरेचदा केला. प्रवाशांनी काय काय आणलं हे तर रोज दिसायचंच, पण घडी न मोडता काय परत नेलं, तेही केबिन आवरताना दिसायचं. निम्म्याहून अधिक कपाट तसंच परत जायचं.

म्हणून कपड्यांची यादी करायच्या आधी एक हिशेब करा. १६ रात्री म्हणजे ३८४ तास. त्यातले तुम्ही थंडीत, म्हणजे खरोखर उघड्यावर, किती असणार? फॉकलंडची उतरण, केप हॉर्नला डेकवर, उश्वाया, पुंता अरेनास, फियोर्डमधल्या हिमनद्या बघताना. सगळं मिळून फार तर ३० तास. बाकी वेळ तुम्ही बोटीच्या आत, आणि आत रिओलाही साधारण २२ अंश, केप हॉर्नलाही तेवढेच. एसी दोन्हीकडे तोच. त्या ३० तासांसाठी एक पक्का संच लागतो, दुसरी बॅग नव्हे. उलट सांगायचं तर शाल तुम्हाला थंड मुलखापेक्षा रिओतच जास्त लागेल, जेवणाच्या हॉलमध्ये. बाहेर ३० अंशांत भिजून आलेला माणूस तिथे तासभर बसला की कुडकुडतो. सासूबाईंची शाल खुर्चीच्या पाठीवर रोज.

आता हवा. रिओ मकरवृत्ताच्या जेमतेम आत आहे, जानेवारीत दुपारी ३० च्या पुढे आणि मध्येच आपल्यासारखी सर कोसळते. आपल्या मे महिन्याची सवय असलेल्याला त्यात नवीन काही नाही. सुती कुर्ते, चपला, मच्छरांचं मलम, कारण तिकडेही डेंग्यू आहे. ब्युनॉस आयर्सही गरम. माद्रिनला ऊन आणि सुका वारा. तिथून दोन दिवसांत फॉकलंडला कमाल तापमान १०-१५ वर येतं. उश्वायात भर उन्हाळ्यात दुपारी १४-१५, रात्री ५-६, आणि जानेवारीतसुद्धा कधी कधी बर्फ भुरभुरतो. आकडे वाचून घाबरण्यासारखं काही नाही, महाबळेश्वरची डिसेंबरची पहाट याहून फार वेगळी नसते.

फरक करतो तो वारा. तापमान ५ अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर अंगाला उणे १ वाटतं. आणि बोट स्वतःच २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरनं चालत असते. हवेत पान हलत नसलं तरी डेकवर तेवढा वारा समोरून येतोच. केप हॉर्नला, ५६ अक्षांशावर, हवेत पान न हलण्याचा दिवस मी फारसा पाहिला नाही.

एकदा तिथे डेकवर एक गृहस्थ उभे होते. जाडजूड एकच जाकीट, गुडघ्यापर्यंत आलेलं, आणि आत सुती बनियन आणि सुती शर्ट. लिफ्टला गर्दी म्हणून ते पाच मजले जिन्यानं चढून आले होते. आत जाकिटात घाम आला, बनियन भिजलं, आणि बाहेर पाऊल टाकल्यावर ते बनियन बर्फाच्या फडक्यासारखं पाठीला चिकटलं. दहा मिनिटांत ओठ निळे. मी त्यांना आत आणून टॉवेल दिला, चहा दिला, पण केप हॉर्न त्यांनी खिडकीतूनच पाहिला. त्यांच्या शेजारी सत्तरीच्या एक आजी अंगावर चार पातळ कपडे घालून तासभर उभ्या होत्या, मजेत.

तेव्हा थर. अंगालगत थर्मल, सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचं, सुती अजिबात नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं. असे माणशी दोन जोड. त्यावर एक फ्लीस, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक कापडाचा स्वेटर. त्यावर हलकं फायबर भरलेलं जाकीट, मुठीत मावेल असं. आणि सगळ्यांत वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं पातळ जर्किन, टोपीसकट. खाली नेहमीची पॅन्ट आणि वरून चढवायची पावसाळी पॅन्ट. आपल्या स्कूटरवाल्या रेनकोटची पॅन्टही त्या ३० तासांना चालते, मी स्वतः तीच वापरायचो. हेच चार थर सुटे करून इतरत्र कामाला येतात: जर्किन रिओच्या पावसात, फ्लीस विमानात, पातळ जाकीट सान अँतोनियोच्या संध्याकाळी. तिथे चिलीच्या किनाऱ्यालगत हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे भर उन्हाळ्यातही हवा गार असते आणि समुद्र बघून पोहायला धावणारे लगेच परत फिरतात.

जर्किन एक माप मोठं घ्या. दुकानात टी-शर्टवर घालून बघितलं तर बरोबर बसतं आणि उश्वायात आतले तीन थर चढवल्यावर चेन लागत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात तीन थर घालून बघायला जीव नको होतो हे खरं, पण एसीवाल्या खोलीत पाच मिनिटं सोसा.

लेदर जाकीट का नको? जड आहे, भिजलं की आणखी जड होतं, दोन दिवस वाळत नाही, आणि केबिनच्या कपाटात त्याचा वास सगळ्या कपड्यांना लागतो. छत्रीही घरी ठेवा. पुंता अरेनासच्या रस्त्यात मोडक्या छत्र्या मी कचऱ्याच्या डब्यांतून उलट्या टांगलेल्या पाहिल्या आहेत. डोक्याला आपली माकडटोपी न्या. हसू नका. कान, मान, हनुवटी सगळं झाकणारी, वाऱ्यानं न उडणारी आणि शंभर ग्रॅमचीही नसलेली दुसरी वस्तू मला ठाऊक नाही. केप हॉर्नला गोऱ्या बायका माझ्या माकडटोपीचा फोटो काढायच्या.

थंडीत सनस्क्रीन विसरतात. त्या टोकाला हवा स्वच्छ असते, ऊन रात्री दहापर्यंत रेंगाळतं आणि चेहरा उन्हानं भाजला तरी वाऱ्यामुळे गार वाटत राहतं. रिओची ट्यूब संपवू नका. ओठांना व्हॅसलिन.

आता बूट. ताई, तुमचे ट्रेकिंगचे बूट कपाटात किती वर्षं आहेत? गोव्यातला माणूस असे बूट एका सहलीला घेतो आणि मग चार-पाच पावसाळे ते तसेच पडून राहतात. या बुटांच्या तळाला बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि दमट हवेत तो थर हळूहळू विरघळल्यासारखा भुसभुशीत होतो. वरून बूट नवा कोरा दिसतो. न वापरता ठेवलेला बूट तर आणखी लवकर जातो. उश्वायाच्या नॅशनल पार्कात एका बाईंच्या दोन्ही बुटांचे सोल अर्ध्या तासाच्या अंतरानं सुटून पडले. चिखलात मोज्यांवर येणार कशा? बसवाल्यानं चिकटपट्टी गुंडाळून त्यांना बोटीपर्यंत आणलं. संध्याकाळी त्या मला विचारत होत्या, "अहो, तीनदाच घातले होते!" त्यामुळेच तर.

तेच जुन्या रेनकोटचं. आतला लेप चिकट होऊन सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे निघायला लागले असतील तर तो वारा अडवेल, पाणी नाही. आजच कपाट उघडा, जर्किनची आतली बाजू बोटानं चोळून बघा, बुटाचा सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा. भेग दिसली किंवा चुरा पडला तर नवे घ्या. आणि नवे घेतले तर निघायच्या आधी महिनाभर रोज घालून चाला. फर्मागुडीचा चढ तुमच्या दारातच आहे. दुसरी जोडी साधी सँडल. तिसरी नको.

फॉकलंडला स्टॅन्लीच्या धक्क्यावर मोठी बोट लागत नाही, नांगर टाकून लहान होड्यांनी नेतात. त्या होडीत पाणी उडतं, म्हणून पावसाळी पॅन्ट होडीत बसायच्या आधीच चढवा. समुद्र खवळला तर उतरणं रद्द होतं, आणि बऱ्यापैकी वेळा होतं. पेंग्विनसाठी बाहेरून महागडी सहल बुक केली असेल तर रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे आधी विचारा. माद्रिनहून पुंता तोंबोलाही पेंग्विन भरपूर दिसतात, तेव्हा सगळी आशा स्टॅन्लीवर ठेवू नका.

बोट लागण्याचं, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळण्याचं, विचारलं नाहीत, पण लागेल. जुन्या मुंबई-पणजी बोटीवर ज्यांना लागली नाही त्यांनीही फुशारकी मारू नये, फॉकलंड ते केप हॉर्नचा समुद्र वेगळा आहे. केबिन निवडायची अजून बाकी असेल तर मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, हलणं तिथे सगळ्यांत कमी. गोळी डॉक्टरांना विचारून आणा आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर ती पोटात राहत नाही. आम्ही कर्मचारी हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं खायचो. आलेपाक चालतो.

मग कपडे किती? आठ दिवसांचे. मधे एकदा-दोनदा धुवायचे. या बाबतीत माझं ऐका, कारण सहा वर्षं मी तेच धुतलं आहे. बोटीची लाँड्री म्हणजे मोठी यंत्रं, गरम पाणी आणि त्याहून गरम ड्रायर. केबिनमधल्या पिशवीत भरून दिलेलं सगळं त्यातून जातं. लोकर, मेरिनो थर्मल, रेशीम, कच्च्या रंगाचं काहीही त्या पिशवीत टाकू नका. मी नवा असताना एका गोंयकार बाईंनी आपली लाल चौकड्यांची कुणबी साडी नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टांबरोबर दिली. मीही नीट बघितलं नाही. तीन शर्ट गुलाबी झाले, आणि त्यातला एक त्या संध्याकाळच्या फॉर्मल नाइटसाठी, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्रीसाठी होता. काकांनी तोच घातला, वर म्हणाले, "बरा दिसता रे." मला मात्र महिनाभर झोप लागली नाही.

थर्मल आणि आतले कपडे बेसिनमध्ये हातानं धुवा. पिळून झाले की बोटीचा कोरडा मोठा टॉवेल पलंगावर पसरा, त्यावर कपडा ठेवा, दोन्हीची घट्ट वळकटी करा आणि तिच्यावर गुडघा टेकवून दाबा. टॉवेल पाणी ओढून घेतो. मग न्हाणीघरातल्या दोरीवर टाका. भिंतीवर एक गोल चकती असते, तिच्यातून दोरी ओढून समोरच्या खाचेत अडकवायची, बऱ्याच लोकांना ती शेवटच्या दिवसापर्यंत दिसतच नाही. एसीची हवा कोरडी असते, सकाळपर्यंत वाळतं. बाल्कनीत टाकू नका: रिओकडे खारी दमट हवा वाळू देत नाही आणि दक्षिणेकडे वारा ठेवू देत नाही. शिवाय बोटीवर त्याला मनाई असते.

फॉर्मल नाइटला कोट-टाय विकत घेऊ नका. एक रेशमी साडी, यजमानांना एक बंद गळ्याचं जाकीट. साडीला वजन नाही, माप लागत नाही आणि तिच्यापुढे बाकीचे गाऊन फिके.

वजनाचा खरा घोटाळा विमानात होतो. भारतातून दक्षिण अमेरिकेच्या तिकिटावर बऱ्याच कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात, पण मोपा किंवा दाबोळीहून मुंबईचं तिकीट वेगळं काढलंत तर देशी विमानात साधारण १५ किलोच फुकट. तिथे काउंटरवर बॅग उघडून बसलेली गोंयची माणसं मी पाहिली आहेत, फ्लोअरवर सगळे लाडू. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर काढा, किंवा बॅगच १५ किलोची भरा. वर सांगितलेला संच, बूट पायात आणि जर्किन हातात धरून, १४ किलोंत बसतो. हवा काढायच्या प्लास्टिक पिशव्या जागा वाचवतात, वजन नाही.

लाडवांवरून आठवलं. चिलीत खाण्यापिण्याच्या वस्तूंचा कायदा कडक आहे. फळ, बिया, मध, दूध-तुपाचं, काहीही जवळ असेल तर अर्जात "हो" लिहायचं. लिहिलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड. बोटीवरच्या नाश्त्याचं सफरचंद पिशवीत विसरून राहिलं तरी तेच. शाकाहारी जेवणाचं बुकिंग करतानाच कळवा, आणि बोटीवर पहिल्याच दिवशी हेड वेटरला भेटा. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, एखादा गोंयकार सापडतोच. "कसो आसा?" एवढं विचारा, वरण-भात कुठून तरी येतो.

बॅगेत न ठेवायचं: इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, उदबत्ती, निरांजन, एक्स्टेन्शन बोर्ड. बोटीवर आगीची भीती सगळ्यांत मोठी, हे सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि तुमची बॅग संध्याकाळपर्यंत अडकते. सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड तर मुळीच नको, बोटीची वायरिंग घरासारखी नसते आणि तो तापून पेटू शकतो. केबिनमध्ये बहुतेक अमेरिकन चपटी आणि युरोपियन दोन गोल पिनांची सॉकेट असतात. आपली जाड तीन पिनांची प्लग बसत नाही, एक अडॅप्टर न्या. चार-पाच लोहचुंबकाचे हूक न्या: केबिनच्या भिंती लोखंडी, जर्किन आणि टोप्या त्यावर टांगल्या की कपाट मोकळं.

कॅमेरा किंवा फोन गार केबिनमधून रिओच्या दमट हवेत काढला की भिंगावर धुकं बसतं. बाहेर पडायच्या अर्धा तास आधी झिपच्या पिशवीत घालून बाल्कनीत ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते, जादाची आतल्या खिशात, अंगालगत.

कागदपत्रांत एक मेख आहे. तुमची बोट अर्जेंटिनात तीनदा शिरते: ब्युनॉस आयर्सला, मग उरुग्वे करून माद्रिनला, मग फॉकलंड करून उश्वायाला. व्हिसा एका प्रवेशाचा असून चालणार नाही. ब्राझील, उरुग्वे, चिली यांचं वेगळं, आणि फॉकलंड ब्रिटिश ताब्यात. प्रत्येकाचं क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्या, नियम बदलत राहतात. आणि आपल्या गोव्यात एकाच घरात एकाकडे भारतीय आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो, तसं असेल तर दोघांना दोन वेगळी उत्तरं मिळतील.

ब्राझीलसाठी पिवळ्या तापाची लस घ्या. त्या भागातून दाखल्याशिवाय भारतात परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दाखला लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि आता जन्मभर चालतो. आम्ही सगळे तारवटी मुरगावला पोर्ट हेल्थमध्ये टोचून घ्यायचो. कुठल्या वारी देतात ते आधी विचारा. पण यजमान साठीच्या वरचे आहेत, आणि त्या वयात या लशीचा त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते. अंड्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, मगच रांगेत उभे राहा. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, आणि आठवडाभर जादा. सगळी हातातल्या बॅगेत.

हातातल्या बॅगेचं म्हणजे असं: चढायच्या दिवशी मोठी बॅग धक्क्यावर देतात ती संध्याकाळी केबिनच्या दारात येते. तोवर औषधं, कागद, चष्मा, रिओसाठी एक पातळ कपडा जवळ हवा.

उतरायच्या आदल्या रात्री याच्या उलट. मोठ्या बॅगा रात्री अकरा-बाराच्या सुमाराला दाराबाहेर ठेवायच्या, त्या आमची मंडळी घेऊन जातात आणि सकाळी एकदम धक्क्यावर दिसतात. एका काकांनी मोठ्या शिस्तीनं सगळं भरलं, अगदी सगळं, आणि पहाटे मला फोन केला. केबिनमध्ये ते, काकू आणि एक लुंगी. सान अँतोनियोच्या इमिग्रेशनच्या रांगेत ते माझी काळी युनिफॉर्मची पॅन्ट घालून उभे होते, कमरेला काकूंच्या ओढणीची गाठ. पॅन्ट त्यांनी पुढे कुरियरनं परत पाठवली, इस्त्री करून, खिशात काजूचं एक पाकीट घालून.